मारयानआतेचा वारसा

संध्याकाळची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, संपली की आमच्या घरात आशीर्वाद मागायची रीत होती. वसईजवळच्या नंदाखालच्या घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला लावलेला लहान आल्तार, म्हणजे वेदी, होता. त्याच्यासमोर आम्ही गुडघे टेकून बसायचो. पापा रोझरी भराभर म्हणत. पन्नास नमो मरिया त्यांच्या तोंडून बारा मिनिटांत संपत. आईने सांगायला घेतली तर सतरा मिनिटं लागत. हे मी भिंतीवरच्या घड्याळात पाहून मोजलेलं आहे, आणि प्रार्थनेच्या वेळी घड्याळ पाहिलं म्हणून पापनिवेदनात फादरांना सांगितलेलंही आहे. शेवटचं भजन झालं की मी उठून हात जोडून पापांपुढे उभा राहायचो आणि म्हणायचो, "आशीर्वाद द्या." पापा अंगठ्याने माझ्या कपाळावर क्रूस काढत आणि "देव तुझं बरं करो" म्हणत. केळीच्या चिकाने त्यांचा अंगठा कायमचा काळा पडलेला होता आणि कातडी इतकी खरबरीत, की क्रूसाची उभी रेघ नंतर थोडा वेळ जाणवत राहायची. मग आईकडे. वर्षाचे सातशे तीस आशीर्वाद होतात, असा हिशेब मी लहानपणीच केला होता. ते कुठेतरी साठत असतील अशी माझी समजूत होती.

घरात आम्ही तिघंच. आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. इथे मी ती वाचणाऱ्यांसाठी सरळ करून लिहितो आहे. वाडी चौतीस गुंठ्यांची, आजोबांची. त्यात राजेळी केळी, नारळ, पानवेलीचे दोन वाफे आणि कडेला मोगरा. पहाटे पाण्याच्या पंपाचा आवाज सुरू व्हायचा, तो माझ्या सगळ्या बालपणाच्या मागे सतत चालू आहे असं वाटतं. नंतरच्या वर्षांत त्यात टँकरचा आवाज मिसळला. विरारला इमारती उठत होत्या, तिथल्या लोकांना पाणी पाहिजे होतं आणि शेजारच्या वाडीतली विहीर दिवसाला वीस-बावीस टँकर भरून देत होती. आमच्या विहिरीचं पाणी मचूळ व्हायला लागलं. आई चहा गाळताना चाखून बघायची आणि काही न बोलता साखर अर्धा चमचा जास्त टाकायची.

ऊन कडक पडायला लागलं की सुकेळी करायचं काम निघायचं. राजेळीचे पिकलेले घड उतरवायचे, साल काढायची, केळी बांबूच्या मांडवावर हाताने एकेक लांबवून मांडायची, दिवसभर माश्या हाकायच्या आणि ऊन उतरलं की उचलून घरात घ्यायची. सहा-सात दिवसांत केळं आक्रसून मधासारखं तांबूस होतं. मग ते वाळलेल्या केळीच्या पानात गुंडाळून खोडाच्या वाळक्या सोपटाने आवळून बांधायचं. त्या दिवसांत घरभर, कपड्यांना, माझ्या कॉलेजच्या वह्यांनासुद्धा गोड, आंबूस वास यायचा. पहिल्या मांडवातली चार डझन सुकेळी बाजूला ठेवली जात. ती भुईगावच्या मारयानआतेची. आते म्हणजे पापांची थोरली बहीण. नाताळ आणि ईस्टर, वर्षातून दोनदा पापा स्वतः सायकलच्या कॅरिअरला पाटी बांधून तिच्याकडे जात: सुकेळी, दहा नारळ, वालाच्या शेंगा आणि मोसमात जे असेल ते. एक सणही चुकला नाही. ताप असतानाही एकदा गेले होते. पापांना आपल्या बहिणीविषयी माया होती, हे मी आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाचा गैरसमज होऊ नये.

मी एकोणीस वर्षांचा होतो, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, आणि रविवारी चर्चमध्ये लहान मुलांना धर्मशिक्षण द्यायचो. त्या साली ईस्टरआधीच्या उपवासकाळात आमच्या चर्चमध्ये बाहेरून आलेल्या एका फादरांनी पाच संध्याकाळी प्रवचनं दिली. विषय होता ऐहिक आशीर्वाद आणि आध्यात्मिक वारसा. फादर बारीक आवाजाचे होते, पण मांडणी अशी की मी वही घेऊन पहिल्या बाकावर बसायचो. त्यांनी सांगितलं, पाऊस, पीक, तब्येत, मुलंबाळं, जमीन हे आशीर्वाद. देव ते चांगल्यावाइटांवर सारखेच पाडतो. ते येतात आणि जातात. वारसा वेगळा. तो मिळवावा लागत नाही आणि लायकीवर मिळत नाही. आपण कुणाची लेकरं आहोत त्यावर मिळतो. आब्राहामाने इतर मुलांना देणग्या दिल्या आणि दूर पाठवून दिलं, वारस मात्र इसहाक झाला. चाकराला मजुरी मिळते, बक्षीसही मिळतं, पण घर लेकराचं असतं. आणि बाप्तिस्म्याने आपण सगळेच लेकरं झालो.

चौथ्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं त्याने मला झोप येईना. जमीन वाटली की कमी होते, ते म्हणाले. स्वर्गाचा वारसा कितीही जणांत वाटला तरी प्रत्येकाला सगळाच्या सगळा मिळतो. मी वहीत लिहिलं: चौतीस भागिले दोन, सतरा. चौतीस भागिले चार, साडेआठ. आणि खाली लिहिलं: तिथे भागिले कितीही, प्रत्येकी चौतीस. आकड्यांवर माझं पहिल्यापासून प्रेम, आणि असं गणित मी कधी पाहिलं नव्हतं. घरी येऊन मी पापांना ते करून दाखवलं. पापांनी वही हातात घेऊन बराच वेळ बघितली आणि म्हणाले, "हे मारयानला जाऊन सांग."

मी का म्हणून विचारलं तेव्हा त्यांनी कपाटातून एक मोठं पाकीट काढलं. त्यात हक्कसोड पत्राचा मसुदा होता. रस्त्याला लागून असलेले नऊ गुंठे घ्यायला एक माणूस तयार झाला होता. त्या पैशात पापांना घराचं छप्पर बदलायचं होतं, माझं पुढचं शिक्षण करायचं होतं आणि गोडं पाणी लागतं का पाहायला बोअर मारायची होती. पण आजोबा गेल्यावर वाडीच्या उताऱ्यावर दोन वारसांची नावं लागली होती, पापांचं आणि आतेचं. घेणारा म्हणाला होता, आधी बहिणीचं नाव काढून घ्या. आमच्यात तेव्हा जवळपास प्रत्येक घरी हेच चालायचं. मुलीला लग्नात सोनं द्यायचं, कपाट द्यायचं, निघताना सगळ्या थोरांनी कपाळावर क्रूस काढून आशीर्वाद द्यायचा, आणि पुढे कधीतरी एका कागदावर तिची सही घ्यायची. कायद्याने ख्रिस्ती मुलीचा वाटा मुलाइतकाच होता. पण कायदा कागदात राहायचा आणि सही रीतीने व्हायची. नाही म्हणणाऱ्या बहिणीचं माहेर तुटायचं. "मारयानला काय कमी दिलं?" पापा म्हणाले. "पाच तोळे दिले बाबांनी. आणि पाटी मी देतो. ती शहाणी आहे, करेल सही. पण तू सांगितलंस तर तिला वाईट वाटणार नाही." आई तेव्हा दारात निवडलेले तांदूळ पाखडत होती. तिच्या सुपाचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. निर्मळवरून भुईगावला जाताना मी पूर्ण रस्ताभर मनात प्रवचनाची उजळणी करत होतो. आतेचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली होती. तिची एकुलती एक मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. दिरांच्या अंगणातल्या कडेच्या दोन खोल्यांत ती राहायची. दीर चांगले होते, पण विजेचा बल्ब बदलायचा तरी ती आधी त्यांना विचारायची. मी पोचलो तेव्हा ती ओट्यावर बसून बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होती, लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्याशी खोचून.

"पाटी नाही," तिने माझ्या कॅरिअरकडे बघून म्हटलं. "म्हणजे काम आहे."

"तसं नाही गं आते."

"तसंच आहे. बस. आधी खा."

तिने तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. खाऊन झाल्यावर मी पाकीट बाजूला ठेवलं आणि सुरुवात केली. आशीर्वाद काय, वारसा काय, आब्राहाम, इसहाक, सगळं. चौतीसचं गणितही सांगितलं. शेवटी म्हटलं, "म्हणजे आते, जमीन हा फक्त आशीर्वाद आहे. आज आहे, उद्या नाही. तुझा खरा वारसा वर आहे. तो कुणी तुझ्याकडून काढून घेऊ शकत नाही."

आतेचे हात जुड्या बांधतच होते. "प्रवचन चांगलं करतोस. फादर व्हायला पाहिजे होतंस. एकच सांग. तुझ्या पापाचा वारसा कुठे आहे?"

"तोही वरच."

"सगळाच्या सगळा?"

"हो."

"मग त्याला वाडी कशाला पाहिजे? ती पण मलाच देऊन टाका म्हणावं." आणि ती इतकी हसली की मांडीवरची जुडी सुटून मेथी ओट्यावर पसरली. आतल्या घरातून तिची जाऊ डोकावून गेली. मीही हसलो, पण माझे कान गरम झाले होते.

मेथी गोळा करताना तिने विचारलं, "आणि ती आब्राहामाची दुसरी मुलं? त्यांचं काय झालं म्हणालास?"

"देणग्या देऊन पाठवून दिलं."

"कुठे?"

"पूर्वेकडे."

"मला भुईगावला पाठवलं. जवळ पडलं तेवढंच." यावेळी ती हसली नाही. "अरे सायमन, चाकराला बक्षीस असतं आणि लेकराला घर असतं, हे तूच आत्ता सांगितलंस ना? मग बाबांची मी कोण होते? माझ्या आईच्या पोटी आधी मी आले, आठ वर्षांनी तुझा पापा. विहिरीचं काम निघालं तेव्हा मातीच्या पाट्या मी वाहिल्यात. तो तेव्हा झोळीत होता."

हे सगळं ऐहिक आहे, असं उत्तर मला सुचलं होतं. पण ते तोंडातून बाहेर पडेना. आतेने पदराला हात पुसले आणि पाकिटाकडे न बघता विचारलं, "कधी यायचंय?"

"बुधवारी. वसईला, नोंदणीच्या कचेरीत. अकरा वाजता."

"येईन. भावाने बोलावलंय, येणार."

परतीच्या रस्त्यावर मी दोनदा सायकलवरून उतरलो. काहीही बिघडलेलं नव्हतं. मला फक्त चालावंसं वाटत होतं. घरी पापा मांडवावरची केळी उलटत होते. "काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "येते म्हणाली." "तयार आहे ना?" आणि मी "हो" म्हटलं. एवढंच. माझ्या आयुष्यात मी याहून मोठ्या लबाड्या केल्या असतील, पण त्या एका हो-इतकं काहीच मला टोचत राहिलेलं नाही. आते येणार होती हे खरं होतं. ती तयार आहे हे मला माहीत नव्हतं. या दोन गोष्टींमधलं अंतर मी, घड्याळात रोझरी मोजणारा माणूस, मोजायला विसरलो असं मी म्हणू शकत नाही. मी ते मोजलं होतं आणि ओलांडलं होतं.

पुढचे पाच दिवस माझं कशात लक्ष लागेना. जेवताना घास मोजू लागलो. संध्याकाळी "आशीर्वाद द्या" म्हणताना पापांच्या अंगठ्याखाली कपाळ आक्रसल्यासारखं व्हायचं. एकदा विहिरीवर, एकदा मांडवाशी, एकदा चर्चहून येताना मी त्यांना सांगायला तोंड उघडलं. एकदा टँकर आला, एकदा शेजारी आले आणि तिसऱ्यांदा कुणीच आलं नाही, तरी मी सांगितलं नाही.

शनिवारी मी पापनिवेदनाला गेलो. आमचे धर्मगुरू म्हातारे होते. मी नेहमी पापं संख्येने सांगायचो, खोटं चार वेळा, राग दोन वेळा, म्हणून ते मला ओळखून होते. त्या दिवशी मी संख्या सांगितली नाही. सगळी हकिकत सांगितली. त्यांनी जाळीपलीकडून विचारलं, "तिने होय म्हटलं का?"

"नाही, फादर."

"मग तू कुणाच्या वतीने म्हटलंस?"

उत्तरासाठी न थांबता ते म्हणाले, "तुमच्या वाडीचं काय करायचं ते मी सांगणार नाही. ते माझं काम नाही. पण तू ऐकलेलं प्रवचन चुकीच्या घरी घेऊन गेलास. जमिनीवरून मन काढायला ज्याच्या हातात जमीन आहे त्याला सांगतात. जिच्या हातात नाही तिला नाही. ते तुझ्या बापाला सांगायचं होतं. जा, आणि खरं काय ते घरी सांग."

मी बाहेर येऊन प्रायश्चित्ताच्या प्रार्थना म्हटल्या आणि घरी जाऊन खरं सांगितलं नाही. हे मी आज मुद्दाम नोंदवतो. मी आज पन्नाशीला टेकलो आहे, मला एक मुलगी आणि एक मुलगा आहे, आणि अजूनही कुणी मला प्रामाणिक म्हटलं की तो शनिवार ते मंगळवार आठवतो.

बुधवारी कचेरीत अकराच्या आधीच गर्दी होती. बाकांवर माणसं, मधून कागद घेऊन फिरणारे, वर पंखा, आणि चिकटपट्टी, शाई, घाम यांचा वास. आते बसने आली. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला येते तशी आली होती: धुतलेलं लाल लुगडं, कानात कुड्या, हातात रुमालात बांधलेला चष्मा. पापांनी तिला पाणी आणून दिलं. दोघं शेजारी बसून मेथीच्या भावाविषयी बोलत होते आणि मला ते पाहून उभं राहवत नव्हतं. आमचा कागद तयार करणारा माणूस घाईत होता. त्याने बोटाने जागा दाखवली. "आजी, इथे, इथे आणि इथे."

"आधी वाचून दाखव," आतेने मला सांगितलं.

"अहो, वाचायचं काय त्यात, नेहमीचंच असतं," तो माणूस म्हणाला.

"माझं नेहमीचं नाही. पहिल्यांदाच करतेय. वाच रे."

मी वाचायला लागलो. मालमत्तेचं वर्णन, चतुःसीमा, उत्तरेला अमुक, दक्षिणेला तमुक. आते प्रत्येक शेजाऱ्याच्या नावाला मान हलवत होती. मग ते वाक्य आलं, की सदर मिळकतीतला माझा संपूर्ण हिस्सा मी राजीखुशीने, समजून उमजून, कुणाच्याही दडपणाखाली न येता कायमचा सोडून देत आहे. मी तिथे थांबलो. आते म्हणाली, "हं, पुढे." मी संपवलं. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

टेबलामागच्या अधिकाऱ्याने वर न बघता विचारलं, "मावशी, दस्त कबूल? राजीखुशीने करताय ना?" दिवसातून पन्नास वेळा विचारत असेल तो.

"नाही, साहेब," आते म्हणाली.

त्याने वर पाहिलं.

"मग आलात कशाला?"

"भावाने बोलावलं म्हणून आले. आमच्यात भावाला नाही म्हणत नाहीत. सही कर म्हणालात तर करतेही. पण तुम्ही खुशी विचारलीत. खुशी नाही."

"मग हा दस्त होणार नाही. पुढचे कोण?"

पापांचे कान लाल झाले होते. "मारयान, इथे तमाशा नको."

"तमाशा कसला, इनास? तू मला वाडी माग, मी बघेन द्यायची की नाही. पण तुला पाहिजे आणि खुशी माझी असं लिहून घेतोस. त्या खोट्यावर सही केली तर शनिवारी फादरला मीच सांगायचं ना? तू सांगणार आहेस?"

"सायमन म्हणाला तू तयार आहेस."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "आते फक्त येते म्हणाली होती. तयार आहे हे मी म्हटलं." पाच दिवस जे निघत नव्हतं ते एका श्वासात निघालं, आणि तेही सगळ्यांसमोर, जेव्हा त्याचा कुणाला उपयोग उरला नव्हता.

आम्ही बाहेर येऊन झाडाखाली उभे राहिलो. पापा बराच वेळ कागदाची घडी घालत होते, उलगडत होते. मग ते हळू आवाजात, जवळजवळ लहान मुलासारखे म्हणाले, "मी पाटी पाठवतो ना गं? एक तरी सण चुकवला का?"

"नाही चुकवलास," आते म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं बोलले नाही. पण पाटी तू देतोस, इनास. वाडी बाबांनी ठेवली. तू देतोस त्याचे मी आभार मानते, दरवेळी मानते. बाबांनी ठेवलं त्याचे आभार मी तुझे कशाला मानू? तिकडे दिरांच्या घरात मी पाहुणी. इकडे पाटी घेणारी. कुठेतरी मला न मागता माझं असू दे की."

पापांनी कागद शर्टाच्या खिशात घातला. त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहिलं नाही तर हे सगळं प्रकरण खोटं ठरेल. माझ्या मनात पहिला आकडा आला: सतरा. चौतीसचे सतरा झाले, असं माझ्या मनाने आधी म्हटलं. आते खरं बोलली, तिचं बरोबर आहे, हे सगळं नंतर आलं, एखाद्या क्षणाने असेल, पण नंतर आलं. वाटल्यावर कमी न होणाऱ्या वारशावर वही भरून लिहिणारा मी, आणि मला आधी कमी झालेलं दिसलं.

बसच्या थांब्याजवळ उसाच्या रसाची गाडी होती. पापांनी तीन ग्लास सांगितले. आतेने ग्लास हातात घेऊन म्हटलं, "हे तू देतोस ना? मग घेते." पापा नको नको म्हणत असताना त्यांच्या तोंडावर हसू आलं, आणि ते लपवायला त्यांनी ग्लास वर धरला.

पुढचं थोडक्यात सांगतो. तो घेणारा निघून गेला. आठ महिन्यांनी दुसरा आला. रस्त्याकडचे नऊ गुंठे बहीण-भाऊ दोघांच्या सह्यांनी विकले गेले, पैसे सारखे वाटले. आमचं छप्पर झालं, बोअर झाली नाही. आतेने तिच्या पैशात भुईगावलाच दोन खोल्या घेतल्या आणि पहिल्या दिवशी स्वतःच्या हाताने बल्ब लावला. उरलेल्या पंचवीस गुंठ्यांच्या उताऱ्यावर दोन्ही नावं राहिली. पापांनी त्यावर पुन्हा कधी चर्चा केली नाही, आणि मीही त्यांना ते प्रवचन कधी ऐकवलं नाही. मुलांना धर्मशिक्षण मात्र मी आजही देतो. त्या धड्यावर आलो की मी अजून अडखळतो. वारसा वाटल्याने कमी होत नाही हे मी शिकवतो, कारण मी ते मानतो; पण ज्याला इथला वाटा द्यायला जड जातं त्याला तिथला काय समजणार, हा प्रश्न मुलं विचारत नाहीत, मीच मला विचारतो.

त्या बुधवारी दुपारी आम्ही घरी पोचलो तेव्हा पापा सरळ वाडीत निघून गेले. आईने मला ताट वाढलं आणि समोर बसली. मी जेवताना ती कधी अशी समोर बसायची नाही. "काय झालं तिकडे?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "साहेबाने नक्की काय विचारलं?" मी पुन्हा सांगितलं. "आणि वन्सं काय म्हणाल्या? तसंच म्हणाल्या? नाही, साहेब?" तिसऱ्यांदा सांगताना माझ्या लक्षात आलं की तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

"मलाही विचारलं होतं," ती म्हणाली. "लग्न होऊन तीन आठवडे झाले होते. भाऊ घ्यायला आला होता. अशीच कचेरी होती."

"मग तू काय म्हणालीस?"

"हो म्हणाले. हातात नव्या बांगड्या होत्या, सगळे बघत होते."

"किती होतं तुझं?" मी विचारलं.

आईने माझ्या ताटात आणखी भात वाढला. मग हात थांबवून तिने आठवायचा प्रयत्न केला, खरोखर केला. मी तिचा चेहरा पाहत होतो. "कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "आणि आजपर्यंत कुणी विचारलंही नव्हतं."